सतरावी कामटी

बूड घालणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही, असा त्या घराचा नियम होता. टोपलीचं बूड म्हणजे काही पोरखेळ नव्हे. बांबूच्या आठ चिरलेल्या पट्ट्या, म्हणजे कामट्या, चांदणीसारख्या एकमेकींवर टाकायच्या, मधोमध अंगठ्याने दाबून धरायच्या आणि भोवतीने बारीक वीण फिरवायची. टोकं झाली सोळा. मग एक सतरावी, अर्धीच, जोडीदार नसलेली कामटी हलकेच मध्ये खोचायची. ती खोचली की पुढची वीण एकदा आतून, एकदा बाहेरून अशी आपसूक वर चढते. ती राहिली की सगळी मेहनत पाण्यात. आणि मधेच कुणी "अहो" म्हटलं की हमखास तीच राहते. म्हणून हाक नाही. एकट्या सासूबाईंना तेवढी मुभा होती. दुपारी पान वाढलं की त्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पळीने दोनदा ठोकायच्या, आणि पलीकडच्या कामाच्या खोलीतून मामंजी ओरडायचे, "आलो गं, आलो! भिंत पाडतेस का?"

सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. त्या भिंतीवर मग कुणी ठोकलंच नाही.

यंदा बागा लवकर पिकल्या. उन्हाचा तडाखा असा, की झाडावरचं फळ सकाळी हिरवं आणि संध्याकाळी पिवळं. बागवाल्याने तीनशे टोपल्या सांगितल्या होत्या, त्याही दहा दिवसांत. घरात काम वाटून दिलेलं होतं. मामंजींनी बुडं घालायची, सुनेने भिंती उभ्या करायच्या, मुलाने काठ बांधायचे. रोज सकाळी कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर घातलेल्या बुडांची चवड तयार असायची. सून ती उचलायची, खिडकीच्या कठड्यावर ताट ठेवायची आणि दुपारी रिकामं ताट परत न्यायची. म्हाताऱ्यांची काही कटकट नव्हती, ना चहाची ना मिठाची. खरं सांगायचं तर तिला मनातून बरंच वाटलं होतं. एक काम कमी.

त्या दिवशी ती ओसरीत पाय पसरून बसली होती. एका टोपलीची भिंत चार बोटं चढली आणि वीण अडली. तीच कामटी पुन्हा आतून, तीच पुन्हा बाहेरून. तिने उसवलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मग टोकं मोजली. सोळा.

"अहो," ती म्हणाली, "ह्यात सतरावी नाही."

नवरा दातात कामटी धरून काठ आवळत होता. "नीट मोज."

"तीनदा मोजली."

"मग तुझ्याच हातून निसटली असेल. बाबांचं बूड चुकलेलं मी जन्मात पाहिलं नाही."

तिने दुसरं बूड घेतलं. सोळा. तिसरं बरोबर होतं. चौथं पुन्हा सोळा, आणि त्याच्या खालच्या अंगाला हाताएवढा तपकिरी डाग होता. तिने नखाने खरवडला. वाळलेल्या रक्ताची खपली निघाली.

ती उठली तसा नवरा म्हणाला, "आत जाऊ नकोस. कामात असतील."

"असू देत."

"अगं, हाक मारू नये..."

"हाक नाही मारत. नुसती जाते."

दार ढकललं तर अर्ध्यावर अडलं. आत कामट्यांचा भुसा घोट्याएवढा साचलेला, त्याखाली ओल. वास असा आला की तिने पदर नाकाला लावला, आणि लगेच काढला; माणसासमोर असं करू नये, एवढं भान तिला त्याही वेळी होतं. मामंजी भिंतीला टेकून बसले होते. अंगात तोच सदरा, आठ महिन्यांपूर्वी घातलेला. बाह्या काळ्या, कडक झालेल्या. दाढीत भुसा. नखं वळून आत गेलेली. एका पायाला रक्ताने भिजलेली चिंधी. आणि माणूस केवढासा झालेला! रोज खिडकीतून तिला फक्त ताट घेणारा हात दिसत होता. हाताच्या मागे एवढंच उरलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. मागचं दार किलकिलं होतं आणि त्यापलीकडे गल्लीतलं ते बदामी कुत्रं पंजांवर मान टाकून वाट बघत पडलं होतं. गेल्या महिन्यात नवऱ्याने त्याची चेष्टा केली होती, "कुणाच्या दारचं खातंय कोण जाणे, गादीसारखं झालंय!"

आता तिला कळलं कुणाच्या दारचं.

"मामंजी," ती म्हणाली, "पाय बघू."

"पायाला काय धाड भरलीये?"

"रक्त येतंय."

"येईल आणि जाईल. जा तू. मोजणी चुकते."

"मोजणी कधीचीच चुकलीये, मामंजी."

त्यांनी हातातल्या कामट्यांकडे पाहिलं. रागावले नाहीत, ओशाळले नाहीत. दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललंय असं तोंड. तिने त्यांच्या पायावरची चिंधी सोडवली. कामटीची चीर शिरून तळव्याला भोक पडलं होतं आणि त्याभोवतीचं मांस करडं, फुगलेलं. ती चिंधी ओढताना दातांवर दात धरून होती. म्हातारा मात्र खिडकीबाहेर बघत होता.

"दुखत नाही?"

"नाही."

*

नवऱ्याने पाय पाहिला, गरम पाण्याने धुतला, हळद लावायला सांगितली आणि ओसरीत येऊन पुन्हा काठ आवळायला बसला. तो भराभर आवळत होता.

"अंघोळ नाही, जेवण नाही," सून म्हणाली. "आठ महिने आपण काय बघत होतो?"

"काम बघत होतो. रोज बुडं येत होती ना? हात चालत होता ना? मग माणूस बरा नाही असं कसं वाटणार?" मग जरा खालच्या आवाजात, "आणि बागवाला काय म्हणाला, ऐकलंस ना तूही. भाग्यवान आहेत म्हणाला. संसारातून मन काढून घेतलं. कुणाला जमतं ते? विरक्ती आलीये त्यांना. आईवर जीव होता."

चहाच्या दुकानात ही गोष्ट त्याने चार जणांना अभिमानाने सांगितली होती, हेही तिला माहीत होतं. सून स्वतः भाविक. देवाधर्माच्या कथा ऐकता ऐकता मोठी झालेली, कथेतल्या विरक्त माणसांवर मनापासून माया असलेली. म्हणूनच तिला ते ऐकवेना.

"ज्याने देवासाठी सगळं सोडलं," ती हळूहळू म्हणाली, "त्याच्या तोंडावर काहीतरी दिसतं हो. तो सोडतो, पण हलका होतो. मामंजींच्या तोंडावर मी आत्ता बघून आले. तिथं कुणीच नाही."

नवऱ्याच्या हातातली काठाची गाठ मात्र चुकली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आली. या बाई जाडजूड, तोंडाने फटकळ, पण हाताने इतक्या हलक्या की तान्ह्या पोराला सुई टोचली तरी ते दोन क्षणांनी रडायचं. भुशात त्या बिनदिक्कत मांडी घालून बसल्या. जखम धुतली, पट्टी बांधली, बोट टोचून साखर पाहिली. ती वाढलेली निघाली.

"आजोबा, आजच मोठ्या दवाखान्यात जायला हवं."

"नको."

"पाय जाईल."

"जाऊ दे. कुठं चालायचंय?"

बाईंनी पिशवी बाजूला ठेवली. "झोप लागते?"

"डोळे मिटतो."

"जेवता का?"

"कुत्रं जेवतं." हे त्यांनी जराही न लाजता सांगितलं.

"जगावंसं वाटतं?"

म्हाताऱ्याने भुशातली एक कामटी उचलली, वाकवली, सोडून दिली. "वाटण्यासारखं काय आहे त्यात?"

"स्वतःच्या जिवाचं काही करून घ्यावं, असं येतं मनात?"

सुनेला वाटलं, असं कुणी विचारतं का? उगीच नसलेलं डोक्यात घालायचं! पण मामंजी चिडले नाहीत. उलट कुणीतरी नेमकं दुखरं बोट धरावं तसे ते बाईंकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या कोयत्यांवरून फिरून आली.

"करायला तरी कुठं उठवतंय," ते म्हणाले.

ओसरीत आल्यावर नर्सबाईंचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. "हे बघा, पायाला मी रोज येईन. ताप चढला तर मात्र त्यांचं हो-नाही ऐकायचं नाही, सरळ गाडीत घालायचं. पण पाय हा अर्धाच आजार आहे. परवा, गुरुवारी, मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टर येतात. मी फोन करून ठेवते. तोवर त्यांना एकटं सोडू नका. आणि धारेचं काही, दोर-बिर, त्यांच्या हाताशी नको."

"धारेचं?" नवरा हसला की काय, असा आवाज निघाला त्याच्या तोंडून. "बाई, आमच्या घरात दुसरं आहे काय?"

"तेच म्हणतेय मी."

त्या गेल्या आणि घरात ठिणगी पडली. "मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर," नवरा म्हणाला. "उद्या लोक म्हणतील, वेड्याने विणलेल्या टोपल्या. आणि हत्यारं काढून घेतली तर बुडं कोण घालणार? अजून निम्म्या टोपल्या राहिल्यात."

"तुम्ही घाला."

"मला येत नाही." हे म्हणताना तो पन्नाशीचा माणूस एकदम शाळकरी दिसला. "बाबांनी कधी घालू दिलं नाही. मीही कधी मागितलं नाही."

त्याने बहिणीला फोन लावला, धीर मिळेल म्हणून. ती फोनमधून एवढ्या मोठ्याने ओरडली की सुनेला चुलीपाशी ऐकू आलं. "माझ्या बापाला वेड्याच्या दवाखान्यात नेणार? तिच्या बापाला ने म्हणावं! दोन घास वेळेवर घातले असते तर ही वेळ आली नसती."

सुनेला शब्द लागायचा तिथे लागला होता, कारण त्यातला निम्मा खरा होता. ती ताट घेऊन कामाच्या खोलीत गेली आणि या वेळी ते कठड्यावर ठेवलं नाही. समोर बसली. मामंजींनी दोन घास खाल्ले, तेही तिने "आणखी एक" म्हणत राहिल्यामुळे. तिसऱ्या घासाला त्यांनी मान फिरवली आणि मागच्या दाराकडे पाहिलं. दाराला तिने कडी घातली होती. बाहेर कुत्रं पंजाने खरवडत होतं.

*

बुधवारी दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, नवरा स्वतःहून उठला. "काढून आणतो हत्यारं," म्हणाला. "तुझं आणि त्या बाईचं समाधान."

कामाच्या खोलीत पाच कोयते असायचे. एक मोठा बांबू फोडायचा, तीन कामट्या काढायचे आणि एक लहान, सासूबाईंचा, काठ छाटायचा. तो एकेक करून बाहेर आणून ओसरीत मांडू लागला. मामंजी बघत होते. विचारलं नाही, अडवलंही नाही. चार झाले.

"लहान कुठाय, बाबा?"

"असेल."

"कुठं असेल?"

"इथंच."

त्याने भुसा उपसला. टोपल्या उलट्यापालट्या केल्या. एका टोपलीखाली बुरशी आलेलं अन्न निघालं. सुनेने ते मुकाट्याने उचललं. आढ्यावर बघितलं, मडक्यांमागे बघितलं. नवऱ्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो उगीचच बोलत होता, "कुणी नेला असेल... मीच दिला असेल कुणाला... बागवाल्याकडं राहिला की काय..."

शेवटी तिनेच म्हटलं, "मामंजी, जरा उठा बरं."

"कशाला?"

"अंथरूण झटकते."

ते उठेनात. मग दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. दोन पोती कापूस उचलावा तसे ते हलके लागले. गोधडीखाली, उशाच्या बाजूला, सासूबाईंच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला लहान कोयता होता. धार ताजी लावलेली. वरून तेलही फिरवलेलं.

"गंजू नये म्हणून ठेवला," मामंजी म्हणाले.

नवऱ्याने तो हातात घेतला. अंगठ्याने धार पाहिली, रोज पाहायचा तशीच, आणि अंगठ्यावर लाल रेघ उमटली. मग तो भुशातच खाली बसला. पुन्हा बसवलेल्या बापाच्या शेजारी, भिंतीला टेकून. बराच वेळ दोघं एकाच दिशेने बघत राहिले. सून मागे दारापाशी सरली; तिला पुन्हा आत जाववेना.

संध्याकाळी त्याने बागवाल्याला सांगून टाकलं, "दीडशेच मिळतील. बाकीच्या दुसरीकडून घ्या."

"अहो, ऐन वेळेला? झालंय काय?"

"वडील आजारी आहेत."

"काय होतंय?"

नवरा क्षणभर घुटमळला.

"मनाचा आजार आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

*

गुरुवारी भाड्याची गाडी दारात आली तरी मामंजी जागचे हलेनात. मुलगा समजावून थकला. नर्सबाई म्हणाल्या, "उचलूया." पण सुनेने हात आडवा केला. काल त्यांना उचलताना त्यांच्या बरगड्या तिच्या बोटांना लागल्या होत्या. पुन्हा तसं उचलायचं तिच्या जिवावर आलं.

"मी वेडा नाही," मामंजी म्हणाले.

"नाहीच."

"मग?"

"मला भीती वाटते, मामंजी."

"कसली?"

"सकाळी ताट घेऊन यायचं आणि तुम्ही उठलेलेच नसायचं, त्याची. दोन दिवस मला अन्न जात नाही. तुमच्यासाठी नको. माझ्यासाठी चला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ, पण तिच्याकडेच.

"चल," ते म्हणाले. "मी बोलणार मात्र नाही तिथं."

मोठ्या दवाखान्यातला तो बोळ लांबलचक होता, दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर माणसं. नवऱ्याने सदऱ्याची कॉलर वर केली. समोरच्याच बाकावर त्यांच्या गावचे शाळामास्तर बायकोला घेऊन बसलेले निघाले. दोघांची नजरानजर झाली मात्र, दोघांनीही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. थोड्या वेळाने मास्तरांनीच सरकून जागा केली. "बसा इथं. पंख्याखाली," म्हणाले. एवढंच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सुनेच्या भाचीएवढ्या. त्यांनी आधी सगळ्यांना आत घेतलं, नर्सबाईंची चिठ्ठी वाचली, मुलाला विचारलं, सुनेला विचारलं. सुनेने कोयत्याचं सांगितलं. सांगताना मामंजींकडे बघायचं टाळलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता मला यांच्याशी बोलायचंय. तुम्ही बाहेर थांबा."

"ते बोलणार नाहीत म्हणालेत," नवरा म्हणाला.

"नाही बोलले तर आम्ही दोघं गप्प बसू."

दार लागलं. बाहेर बाकावर ही दोघं. सून मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती, पण दर चौथ्या नावाला तिचं ध्यान त्या दाराकडे जायचं. आतून काहीच येत नव्हतं. मास्तरांची बायको आत जायची वेळ टळून गेली. शिपाई दोनदा डोकावून परत गेला. तिला वाटलं, आता डॉक्टर कंटाळून बाहेर येतील. म्हणतील, घेऊन जा, यांना काही करायचं नाही. मग घरी न्यायचं कुठल्या खोलीत? कुठल्या दारांना कड्या लावायच्या, आणि किती दिवस?

आणि मग आवाज आला.

पहिल्यांदा तिला वाटलं, खुर्ची सरकली. मग कळलं, माणूस आहे. बांबू फुटताना आधी नुसता करकरतो आणि मग एकदम तडकत जातो, तसं ते रडणं होतं. सासूबाईंना नेलं तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. चार जणांनी शाबासकी दिली होती, काय धीराचा पुरुष म्हणून.

नवरा ताडकन उठला. "काय करतायत त्या बाबांना?" आणि दाराकडे निघाला.

तिने त्याचं मनगट धरलं. एवढ्या माणसांत, मास्तरांसमोर, गच्च धरून खाली ओढलं.

"बसा."

"अगं, रडतायत ते!"

"रडू द्या. बसा तुम्ही."

तो बसला. मनगट तिने सोडलं नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. "हा हट्ट नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही म्हणता तशी विरक्तीही नाही. आजार आहे. दुःख असं मुरलं की माणूस स्वतःकडे बघणंच सोडून देतो. त्यांना हाका मारायला कुणीतरी लागतं."

"बरे होतील?" सुनेने विचारलं.

"आधी पाय. आज इथंच दाखल करू. साखरेचं औषध, पायाचं औषध, आणि माझ्या गोळ्या. माझ्या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे जातील. मधेच वाईट दिवसही येतील, तेव्हा घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. रात्रंदिवस कुणीतरी जवळ हवं. खात्री मी देणार नाही. पण मी विचारलं, राहता का? ते हो म्हणाले. ते त्यांचं त्यांनी म्हटलंय."

वॉर्ड बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. चाकाची खुर्ची कुणीतरी आधीच नेलेली. मामंजी दारात आले तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते, दाढी ओली होती. एका बाजूने मुलगा उभा राहिला. दुसऱ्या बाजूने त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग हळूहळू सगळा भार टाकला. काल कापसासारखा लागलेला माणूस आता चांगलाच जड लागत होता.

दहा पावलं गेली नसतील, ते थांबले. भिंतीला हात लावून उभे राहिले.

"काय झालं, मामंजी?"

त्यांनी ओठ हलवले. आधी शब्द फुटला नाही. आठ महिने न वापरलेला शब्द, त्याला बाहेरची वाट सापडायला वेळ लागला.

"दुखतंय," ते म्हणाले. "फार दुखतंय गं."

"पाय?"

"पाय." आणि मग, "सगळंच."

सुनेने पदराने त्यांची दाढी पुसली. बोळाच्या टोकाला वॉर्डचं दार दिसत होतं, अजून बरंच लांब.

"मग सावकाश जाऊ," ती म्हणाली.